व्यंकटीचा पदभार

प्रिय पुनम,

फोनवर बोललो असतो, पण लातूरला तुझ्या शेजारच्या टेबलांना कान आहेत आणि माझा आवाज तुला माहीतच आहे. म्हणून लिहायला बसलो. घरी सगळे बरे. मुग्धाचा खोकला गेला. ‘आई नांदेडला कधी येणार’ हे मात्र रोजचंच. जावई पुण्याला, तू लातूरला आणि लेकरू आमच्याजवळ. आता ती मला विचारत नाही, तुझ्या आईला विचारते. मग तुझी आई माझ्याकडं बघते.

परवा तुमच्या खात्याच्या इथल्या कार्यालयात एसीच्या कामाला गेलो होतो. आता हाताखाली माणसं आहेत, तरी मोठ्या साहेबांचा एसी मी स्वतःच उघडतो. मुदखेडहून पान्ह्यांची पिशवी घेऊन आलो तेव्हापासून एक गोष्ट पक्की कळलीय : स्टुलावर चढलेला मेस्त्री साहेबलोकांना दिसत नसतो. खाली ते एकमेकांत खुशाल बोलत राहतात.

काय ते कार्यालय, बाई! कुण्या मास्तरच्या दवाखान्याच्या बिलावर शिक्का तिरका पडला तर बिल परत पाठवणारे हे लोक. आणि स्वतःच्या घरात? हजेरीचं अंगठ्याचं मशीन बंद पडलं. दुरुस्तीची टिपणी वर गेली, साहेबांनी ‘चर्चा करावी’ लिहून खाली पाठवली. मोडक्या खुर्च्यांची टिपणी, ‘चर्चा करावी’. आस्थापना शाखेतल्या एका बाईंच्या बाळंतपणाच्या रजेवरही तेच; बाळ बिचारं चर्चेला थांबलं न्हाई. चर्चा कुणीच करत नाही, कारण चर्चा झाली की निर्णय आला आणि निर्णय आला की खाली सही आली. रिकाम्या जागेवर माणूस द्यायचा नाही, जाता जाता कुणाला तरी ‘जरा तुम्ही बघा’ म्हणायचं. काम झालं तर साहेबांनी केलं, बिघडलं तर बघणाऱ्यानं बिघडवलं. याला ते प्रशासन म्हणून राहिले. मी असं दुकान चालवलं असतं तर अजून पिशवीच वाहत असतो.

ज्याची चौकशी तुझ्याकडं दिलीय तो व्यंकटी तुला कागदावर भेटला, मी त्याला पाणी आणून देताना पाहिलंय. अभिलेख खोलीचा कारकून निवृत्त झाला. त्याच्या जागी कुणी आलंच नाही. रेणुकादास साहेब, हेच ते ‘चर्चा करावी’वाले मोठे साहेब, व्हरांड्यातून जाता जाता म्हणाले, ‘व्यंकटी, किल्ली तुझ्याकडं राहू दे.’ शिपाईच तो, त्यानं किल्ली खुंटीला लावली. खोलीत वाळवी दिसली तशी त्यानंच धावत जाऊन अधीक्षकांना सांगितली. त्यांनी औषध मारायची टिपणी वर पाठवली. ती काय होऊन खाली आली ते सांगायला नको. तोवर वाळवीनं कार्यालयातल्या सगळ्यांची सेवापुस्तकं खाल्ली, व्यंकटीचंसुद्धा. आता पेन्शनीला निघालेल्या त्या माणसालाच विचारतात, तुझं सेवापुस्तक तू का सांभाळलं न्हाईस?

मी वर जाळी धरून उभा, आणि खाली साहेब अधीक्षकांना म्हणतात, ‘शिपायाच्या अंगावर टाका. तो ओरडून ओरडून किती ओरडणार? घरीच तर चाललाय.’ मग मान वर झाली. ‘अरे सुदामराव, तुम्ही वरच आहात का?’ म्हटलं, ‘हाव साहेब, गॅस भरून राहिलो.’

मला खाली बोलावलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या केबिनमध्ये खुर्ची मिळाली. चहा आला, बिस्किटं आली. साहेब म्हणाले, ‘लेक तुमची हुशार आहे हो, पण अहवालात भलतंच लिहायला बसलीय. म्हणे लेखी आदेश नव्हता, जबाबदारी तोंडी सांगणाऱ्याची. एवढी एक ओळ बदला म्हणावं, पदभार व्यंकटीकडे होता. इथली जागा रिकामीच आहे, बदलीचं मी बघतो. मुग्धालाही आई जवळ मिळेल.’ बघ, तोंडी आदेशानं बुडायला आलेला माणूस पुन्हा तोंडीच सौदा करून राहिला. आणि लेकराचं नाव आधी पाठ करून बसला होता. ते ऐकून हातातलं बिस्किट मी परत बशीत ठेवलं.

‘सांगतो’ म्हणून उठलो, आणि आता सांगितलं. खोटं कशाला बोलू, घरी पोचेपर्यंत तू मला ओट्यावर मुग्धाची वेणी घालताना दिसत होतीस. लई गोड वाटलं. तुझ्या आईला सगळं सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘त्या व्यंकटीच्या बायकोला मी बाजारात तोंड कसं दाखवू?’ मग आम्ही दोघांनी ठरवलं, तुला न विचारता. तुझ्या घरमालकाची मागची खोली मी घेतली. शाळेचं त्यानंच विचारून ठेवलंय. तुझी आई आता तिकडंच राहील, माझ्या जेवणाचं मी बघतो. एसीचं काम माझ्याकडून काढून घेतील म्हणतेस? घेऊ दे. तेवढ्यासाठीही त्यांना आधी चर्चा करावी लागेल. आता तू एकच कर. तुझा अहवाल आहे तसा ठेव आणि खाली सही कर. साहेबांकडं तुला द्यायला एकच चीज होती. ती रविवारी सकाळच्या बसनं आजीचा हात धरून लातूरला येते आहे. स्टँडवर घ्यायला ये.

तुझाच बाप,
सुदाम