पान बत्तीस

तीर्थस्वरूप दादास, तुझ्या भांडकुदळ धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचे नियम ठरवायला सगळ्या कंपन्यांची माणसं इथे जमली आहेत. छापील पुस्तकातले पान क्रमांक पडद्यावर द्यायची सक्ती नको, असा प्रस्ताव आज आमच्याच साहेबांनी मांडला. "अक्षर मोठं केलं की पानं बदलतात, मग क्रमांक हवेत कशाला?" म्हणाले. मला तुझा वर्ग आठवला. तू "पान बत्तीस उघडा" म्हणतोस आणि पडद्यावर वाचणाऱ्या पोरांपुढे भलताच धडा येतो.

अध्यक्षांनी विचारलं, "कुणाचा विरोध?" साहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तरी मी हात वर केला. इथे एकाचा जरी विरोध असला, तरी प्रस्ताव पुढे सरकत नाही. सगळं गाडं अडलं.

चहाला माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. संध्याकाळी साहेबांनी बोलावलंय. काळजी करू नकोस. वहिनीला नमस्कार, पिल्लांना पापा.

तुझीच,
धाकटी

ता. क. आईला एवढंच सांग, की मी कदाचित लवकर घरी येईन. ती खूश होईल. कारण विचारलं, तर विषय बदल.