चिमीचा बाबा फोनमध्ये राहतो

आलास एकदाचा! मी बेकरीत कामाला गेलेय, दुपारी येईन. शेजारच्या काकू तुझ्यासाठीच थांबल्यात, त्यांना आता मोकळं कर. दूध ओट्यावर आहे, चिमी उठली की कोमट करून दे.

एक सांगायचं राहूनच गेलं. चिमी बोलायला लागली तेव्हापासून फोनलाच ‘बाबा’ म्हणते. तू जहाजावर, घरात तुझा आवाज तेवढा. तिचं तरी काय चुकलं? तुला बघून कदाचित रडेल, फोन शोधायला पळेल. मनाला लावून घेऊ नकोस. रोज बोलतोस तसाच बोलत राहा.

जाग आली की ती लगेच हाक मारत नाही. नुसती पडून राहते आणि पडद्यातून आलेल्या कोवळ्या उन्हाला शिकलेले सगळे शब्द हळूहळू ऐकवते. ‘चिऊ... माऊ... माऊ गेली...’ अर्धी अजून स्वप्नातच असते. काल फोन माझ्या पिशवीत होता, तरी मधेच म्हणाली, ‘बाबा ये.’ मी दारात तशीच उभी राहिले. कामाला उशीर झाला.

आज मी मुद्दामच सुट्टी घेतली नाही. मी असले की ती माझ्याच तोंडाकडे बघते. तू तिच्या उशाशी बस. ती ‘बाबा’ म्हणाली की ओ दे.