आमच्या बोटीचा ठसका

सोमवार, संध्याकाळ

आज मेकॅनिकलच्या पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाला नाव, गाव आणि छंद विचारला. वाचन, क्रिकेट, गिटार... आणि माझं काय? घाबरत म्हटलं, "मी पूर्णगडची. इंजिनाच्या आवाजावरून कुणाची बोट आली ते ओळखते."

"मग तुमच्या बोटीचा आवाज काढून दाखव."

काढला! डुगडुगडुग, मधला तो ठसका, पुन्हा डुगडुग. वर्ग खो खो हसला, मीसुद्धा.

सर म्हणाले, "ठसका परत काढ बघू... घरी सांग, इंजेक्टर तपासा, डिझेल नीट फवारत नसेल."

आणि आम्ही समजत होतो, आमच्या बोटीचा आवाजच तसा! इतकी वर्षं खटकलं कसं नाही?

लगेच फोन केला. बाबा चाट पडले. "पहिल्याच दिवशी इंजिन खोललंस काय गो?"

"नाही बाबा, अजून नुसती ओळख करून दिली."