दांडा केसाएवढा वाकडा

आमगाव,
होळीनंतरचा बुधवार

चिरंजीव हुकुमचंद भाऊले सुखवंताताईचे पोटभर आशीर्वाद. इकडे सारे धडधाकट आहो. तुया गुडघा कसा आहे? घरच्या सगळ्याईले विचारलं म्हणून सांग. झालं विचारून. आता ऐक.

तू नागपूरहून तुयं जुनं रिमोटचं हेलिकॉप्टर तुया भाऊजीले पाठवलं, ते काऊन पाठवलं? माणूस सारी उमर राईस मिलचा फिटर. तू फोनवर बजावलं, का मधला दांडा केसभरही वाकडा नको, दोन्ही पंख्याचं वजन सारखं पाहिजे, नाहीतर थरथरते. हे हसले. म्हणे आमच्या मिलचा दांडा बोटभर वाकडा आहे, तरी धान भरडूनच राहिला! त्यायच्या मिलमध्ये चाळणी थरथरली का मशीन चांगली, अन् थरथर थांबली का सारे पळतात. तोच कायदा इथं. पहिल्याच दिवशी आपटवलं. मग दांडा पाट्यावर ठेवून हातोडीनं सरळ केला (माह्या पाट्यावर! चटणीत अजून लोखंड लागते), तुटका पंखा चिकटवला, तो जड झाला, बोल्ट ढिला झाला, तर त्यात सायकलच्या ट्यूबची पट्टी कोंबली. जितकं थरथरे तितके हे खूश.

इतवारी तिरोड्याचे छोटेलालजी पोराले घेऊन आपल्या ओमेश्वरीले पाहाले आले. पोरगा पावर प्लांटात नोकरीले, बोलाले नरम, अन् पोरीलेही मनातून आवडला (मले डोळे आहेत). पंगत बसली न तुया भाऊजीनं अंगणात ते यंत्र काढलं, का पाहुण्यावर वरून फुलं टाकतो. उडालं कुठं? थडथड पाय आपटत, दोर तोडलेल्या बकरीसारखं पंगतीकडे निघालं. शेपटी गळून पडली. एक पंखा सुटून कढीनं भरलेल्या गंजावर, अन् गंज छोटेलालजीच्या मांडीवर (कढी कोमट होती म्हणून निभलं). न हे काय म्हणतात? पाहा, मशीन कशी जोरात चालून राहिली होती! पाहुणे सुपारी न घेता उठले. पोरगी आतल्या खोलीत रडून राहिली. अशा माणसाच्या हाती तू यंत्र देतोस, तुले अक्कल म्हणावं का काय?

तुयी ताई,
सुखवंता

ता. क. बापाचं नाव खराब झालं तर स्थळ गेलंच समज. म्हणून मी फाटकाशी छोटेलालजीले सांगून टाकलं, का यंत्र माह्या भावाचं, दांडाही त्यानंच ठोकून दिला, आमचे हे बिचारे नुसतं बटन दाबून राहिले होते. ते तुले फोन करतीन. हो म्हणजो.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकाच्या आंधीच निरोप आला. पोरगी पसंत, लग्न पक्कं! फक्त त्या मामाले मांडवात पाय ठेवू देऊ नका म्हणतात. आता पोरीले मांडवात आणाचं काम तुयाशिवाय कोण करन? तू येजो, मोठा फेटा बांधजो, न कोणी विचारलं तर चुलत मामा सांगजो. सख्खा कुठं आहे म्हटलं, तर तोंड दाखवाची हिंमत नाही त्याची, म्हणून आला नाही, असं सांगजो. जरा जोरात सांगजो, छोटेलालजीले कमी ऐकू येते.