तोंड जुळत नाही

प्रिय उपासना,

माझा फोन अण्णानं भिंतीवर आपटून फोडला, म्हणून पत्र लिहितेय. गाडीवरून पडलो, असं सिद्रामकाकांनी तुला पुण्याला कळवलंय. तुझे वडील पडलेले नाहीत.

ग्रामपंचायतीच्या मतदानाआधी माझा भाऊ, निवडणुकीला उभा असलेला आमचा रविराजअण्णा, चावडीपुढं ओरडून सांगत होता, कार्ड नसेल त्याला मत नाही. हद्दीपलीकडून, महाराष्ट्रातून माणसं येऊन बोगस मतं टाकतात. मला ते पटलंही होतं. पूर्वी तुझ्या आईच्या नावावर दुसरीच कुणी मत देऊन गेली होती, हे तुमच्या शेजारच्या पारूकाकू अजून सांगतात. मग अण्णाची माणसं तपासणीच्या नावाखाली, त्याला मत न देणाऱ्या तुमच्या गल्लीतली मतदान कार्डं, आधार कार्डं सगळी गोळा करून घेऊन गेली. परत दिलीच नाहीत.

मतदानाच्या दिवशी काका फोटोचं बँक पासबुक घेऊन आले. तेही चालतं. अण्णानं त्यांना शाळेच्या फाटकात अडवलं. मी बायकांच्या रांगेत होते. काका शांतपणे म्हणाले, "माझं त्वांड बघ की रं रविराज. फोटूत हाय तेच हाय."

अण्णानं जीपमधला लोखंडी पाना काढला आणि त्याच तोंडावर घातला. पुन्हा घातला. हाड मोडल्याचा आवाज रांगेपर्यंत आला. दात मातीत पडले, डोळा रक्तानं बुजला. बंदोबस्ताचा पोलीस तेव्हा मागच्या दाराला होता, म्हणे. अण्णा पासबुक उघडून हसला. "आता जुळत न्हाय बघ."

काका उठले. बाहीनं जबडा धरून आत गेले. अण्णाच्या एजंटानं हरकत घेतली, चेहरा ओळखू येत नाही. अधिकारी बाईंनी कानडीत विचारलं, यांना कोण ओळखतं? सगळी रांग खाली बघत होती. मी रांग सोडून पुढं झाले गं, आणि म्हटलं, हे सिद्रामकाका, मी ओळखते. काकांनी मत दिलं आणि तिथंच कोसळले.

घरी अण्णानं मला केसाला धरून पुढच्या सोप्यातून ओढलं, डावा हात पिरगाळून मोडला. आईनं आतून दार लावून घेतलं.

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले, तेव्हा काकांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. नंतर मला म्हणाले, "तुला त्याच घरात ऱ्हायाचं हाय, पोरी. नाव कसं घेऊ?"

म्हणून मी घर सोडलंय. सांबऱ्याला मावशीकडं आहे. काल बेळगावात जाऊन माझा जबाब देऊन आले. तू लगेच ये, आणि काकांना सांग, नीलम आता त्या घरात राहत नाही. आता नाव घ्या.

वाट बघणारी, तुझीच
नीलम