एक डोळा उघडा ठेवून

१० जुलै, गुरुवार

पुन्हा धुतला! स्वतःचा पेला, स्वतःच्या हाताने! हे जेवून उठले, मोरीत गेले, पेला धुतला आणि फळीवर कालच्याच जागी पालथा घातला. ज्या माणसाने इतक्या वर्षांत आंघोळीनंतरचा पंचा कधी वाळत टाकला नाही, तो पेला धुतोय. कुठेतरी पाणी मुरतंय.

मुलीला पनवेलला फोन केला. पोरगी म्हणते, "आई, बाबा शांत झालेत, तुला आनंद व्हायला हवा. उलट तुलाच शांत व्हायची गरज आहे. एक वही घे. शंका आली की 'शंका आली' एवढंच लिही. तिच्या मागे जाऊ नकोस."

माझ्या अंगणवाडीची एक कोरी वही उरली होती, ती घेतली.

शंका आली. लिहिली. मागे न जाता किती राहवतं बघू.

११ जुलै, शुक्रवार

मागे गेलेच.

एप्रिलपर्यंत आमचे हे काय होते, सगळ्या दासगावला ठाऊक आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटात जीप चालवायची आणि घाटात न बोललेल्या शिव्या घरी येऊन बोलायच्या. भाजीत मीठ कमी — आरडाओरडा. चप्पल सापडत नाही — आरडाओरडा. मग एकाएकी, मला न विचारता, दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला गेले. परत आले ते असे. जीप धाकट्या भावाला, श्रीपतला, चालवायला देऊन टाकली. का? तर, "मन लागत नाही गाडीवर."

आता पहाटे पडवीत डोळे मिटून बसतात. ओरडत नाहीत. चिडत नाहीत. मी मुद्दाम आमटी अळणी केली. ओरपून खाल्ली!

१३ जुलै, रविवार

आज मीही शेजारी बसले. श्वास आत, श्वास बाहेर, नुसतं बघायचं म्हणे. मी एक डोळा उघडा ठेवून यांच्याकडे बघत होते. हलले नाहीत. पण मांजरसुद्धा डोळे मिटूनच दूध पितं.

१६ जुलै, बुधवार

बयाबाई सकाळी अळू घेऊन आली. कुंपणापलीकडेच घर, तिला सगळं दिसतं. म्हणाली, "तुज्या परवीणनं पाग दिला गो आमच्या घरात. नवाच्या नवा. ऐन वलगणीत!"

मासे धरायचं ते जाळं यांनी स्वतः विणलेलं. मला हात लावू देत नसत. पावसाच्या पाण्याबरोबर वलगणीचे मासे शेतात चढायला लागले की हे घरात थांबत नसत. आणि आता पागच देऊन टाकला!

बयाबाई चहा पिता पिता बोलली, "पुरुष वरडतो तवर भ्यायचं नाय. गप झाला की भ्यायचं. वरंधकडं येक असाच गप झालेला. आदी ढोरं दिलीन, मग भांडी दिलीन, नि येक दिवस भंतेवानी चीवर घालून दारात हुबा! बायकोच्याच हातनं भिक्षा घेतलीन."

ती गेल्यावर मी घरातली भांडी मोजली.

सध्या भंतेंचा पावसाळ्यातला वर्षावास चालू आहे, म्हणून रात्री जेवताना विचारलं, "वर्षावास संपल्यावर काय विचार आहे?" तर हसले. "वर्षावास संपला की थंडी सुरू होते," म्हणाले.

हे काय उत्तर झालं?

१७ जुलै, गुरुवार

हे महाडला गेले. गेल्या गुरुवारीही गेले होते. "ध्यानाला." विहार इथे गावात असताना ध्यानाला महाड कशाला?

संध्याकाळी आले ते डोळे लालभडक, बाहुल्या या एवढ्या! टॉवेल देण्याच्या निमित्ताने जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. वास नाही. "डोळे असे का?" विचारलं. "बसलं की कधी कधी पाणी येतं डोळ्यांतून," म्हणाले.

शंका आली. शंका आली. शंका आली.

१९ जुलै, शनिवार

अंगणात चालतात. हळू, एकेक पाऊल टेकवत, उंबऱ्यावरचं माप ओलांडणाऱ्या नवरीसारखे. एक हात कुंपणाला. म्हणाले, "चालतानाही ध्यान असतं. पाऊल कुठे पडतंय ते कळलं पाहिजे." आंबेनळीच्या वळणावर एका हाताने तंबाखू मळणारा माणूस हा!

आणि एक नवीन खूळ. वस्तू जागच्या जागी पाहिजे. स्टूल इथेच, बादली तिथेच, माझ्या चपला उंबऱ्याच्या डाव्या अंगालाच. "वस्तू जागेवर असली की मनही जागेवर राहतं, अनू." मी म्हटलं, माझं मन गेले तीन महिने जागेवर नाही, ते कुठल्या फळीवर ठेवू? यावरही हसले.

२२ जुलै, मंगळवार

जेवताना माझ्याकडे टक लावून बघतात. घास हातात, आणि बघतात. लग्नाच्या मांडवातसुद्धा एवढं बघितलं नव्हतं.

"काय आहे?"

"काय नाय. जेव तू."

निरोप घेणारा माणूस असाच बघतो.

मला हे जायला नको आहेत. ओरडले तरी चालतील, भांडी आपटली तरी चालतील. पण घरात पाहिजेत. लिहिलं एकदाचं.

२४ जुलै, गुरुवार

महाड. लाल डोळे. मी टॉवेल दिला.

२६ जुलै, शनिवार

पाऊस थांबत नाही. सावित्री नदीचं पाणी गढूळ झालंय. दर वर्षी यांच्या आधी यांचा आवाज माळ्यावर चढायचा — "पेटी दे! तांदूळ दे! गाद्या बांध!" महापूर बघितलेली माणसं आम्ही. जुलै लागला की इथल्या प्रत्येक घराचा निम्मा संसार माळ्यावर असतो.

यंदा मी दोर काढला तर म्हणाले, "एवढ्यात काही हलवू नकोस."

"पाणी आलं म्हणजे?"

"येईल तेव्हा बघू. घर आहे तसं राहू दे."

आता खात्रीच झाली. ज्याला घरात राहायचं आहे तो घर वाचवतो. याला काय, वाहून गेलं तरी चीवर अंगावर असलं म्हणजे झालं!

आज मीही ध्यानाला बसले होते. श्वासाबरोबर रागच आत जात होता आणि बाहेर काही येत नव्हतं.

३१ जुलै, गुरुवार

दुपारी भोंगा झाला. पाणी वाढतंय, खालच्या आळीने सावध राहा. हे महाडला. मी एकटी.

मी विचार केला, नाही हलवणार म्हणे! सगळं हलवते. पुराची भीती होती ती होतीच. पण खरं लिहायचं तर, मनात दुसरंही होतं. घर उलटंपालटं दिसलं की हे चिडतील. एकदा चिडले, एकदा ओरडले, की कळेल जुना माणूस आत आहे अजून.

तांदूळ वर चढवले. गाद्या चढवल्या. लोखंडी पेटी एकटीला उचलेना, ती ओढत ओढत माजघराच्या दारात आणून ठेवली. बयाबाई आली की दोघी मिळून चढवू म्हटलं.

तेवढ्यात हे आले. दिवस होता, दार सताड उघडं, पेटी समोर, दारात, हिरव्या रंगाची. मी चुलीपाशी उभी. आता ओरडतील म्हणून वाट बघत होते.

हे सरळ चालत आले. मान ताठ, तेच संथ पाऊल. आणि पेटीवर आदळले. असे पडले की फळीवरचा पेला खाली आला.

मी धावले. गुडघा फुटला होता, रक्त आलं होतं. ओरडले नाहीत. जमिनीवर हात फिरवत होते. पेटीच्या कडेवरून, कोयंड्यावरून, कुलुपावरून. चाचपत होते.

"अनू, ही पेटी हाय ना? ही हितं कशी आली?"

मी त्यांच्या तोंडाच्या अगदी बाजूला हात नेला. हलवला. त्यांना कळलं नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पाणी आळीपर्यंत येऊन परत गेलं.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. कडेचं सगळं गेलंय, मधलं थोडं उरलंय. गेलं ते परत येत नाही, असं महाडचे डॉक्टर म्हणाले. दर गुरुवारी औषध घालून डोळे तपासतात, म्हणून लाल. एप्रिलमध्ये घाटात बाजूने आलेली मोटरसायकल दिसली नाही. थोडक्यात वाचला तो पोरगा. त्या दिवसापासून गाडीला हात लावला नाही.

"आधी सांगितलं का नाही?" मी रडले, ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा मीच ओरडले.

म्हणाले, "तू हात धरून चालवलं असतंस मला. आपलं घर आपल्याला डोळे मिटून चालता यायला पाहिजे, मग सांगणार होतो. आणि लय भ्यालो होतो गो. ती भीती घेऊन आधी गप बसायला शिकलो."

"आणि जेवताना बघत काय बसायचात?"

"तुझं तोंड पाठ करत होतो."

३ ऑगस्ट, रविवार

पेटी जागेवर. स्टूल जागेवर. बादली, चपला, पेला जागेवर. सकाळी मी यांच्या शेजारी बसले, दोन्ही डोळे मिटून.

भीती आली. लिहिली. मागे गेले नाही.

जेवायला आता मी खिडकीकडे तोंड करून बसते. तिथे उजेड असतो.