निजलेल्यांची यादी

आकुर्डी, ५ मार्च १९५६
आलो बुवा एकदाचा! नगरची मास्तरकी सोडून थेट रेडिओवर! मिशनच्या बंगलीत भिंतींना गोधड्या ठोकलेली एक खोली, त्यात आवाज भरायचं फितीचं यंत्र, आणि ते चालवणारे ज्योतीराम. मी प्रवचन वाचायचं आणि शेवटी प्रभूमध्ये निजलेल्या, म्हणजे वारलेल्या, श्रोत्यांची नावं. लोणावळ्याची गाडी आली की ती जाईपर्यंत गप्प बसायचं. फीत बोटीनं जाते आणि समुद्रापलीकडच्या केंद्रावरून बरोबर सहा आठवड्यांनी, सोमवारी संध्याकाळी सातला, माझा आवाज अख्ख्या मराठी मुलखात! नगरला बायको, सावित्रीही ऐकेल. तिचा खोकला तेवढा कमी व्हायला हवा. बंगलीवर स्वयंपाकाला येणाऱ्या छबूबाईंच्या हातची भाकरी झकास असते.

१२ मार्च
आज फजिती झाली. मृतांची नावं कळवणारी पत्रं दोनच आली, अर्धं मिनिट उरलं, ज्योतीराम बोटांनी खुणावतायत. दिलं ठोकून: चाकणच्या सुमनताई रंगराव साळवे. अशी बाई मुळात नाहीच, मग कुणाचं काय बिघडलं?

१९ मार्च
सावित्रीचं पत्र आलं. खोकल्यातून रक्त पडतंय, डॉक्टर धड बोलत नाहीत. मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं आई म्हणायची. मिशनच्या पाळकसाहेबांना कळलं तर फाडून खातील, पण आज यादीत पहिलं मी तिचंच नाव घेतलं. ऐकून दचकू नकोस, असं तिला कळवलंय.

२४ एप्रिल
चाकणहून एक माणूस आला आणि त्यानं माझी गचांडीच धरली. रंगराव साळवे. काल सातला त्याची बायको सुमनताई भाकऱ्या थापत होती, धडधाकट. शेजारच्या रेडिओवर तिचं नाव आलं आणि ती बसल्या जागी कलंडली, गेलीच. तुझ्या तोंडात किडे पडोत, म्हणाला. नाव मी मनानं रचलं होतं, हे सांगायची छाती झाली नाही.

पुढच्या सोमवारी सावित्रीची फीत.

२५ एप्रिल
केंद्राला तार केली, फीत लावू नका. रंगरावचा आरडाओरडा गावभर झालाय, वाणी मीठसुद्धा देत नाही. काल पोरांनी धोंडे मारले. छबूबाई फाटकातूनच म्हणाल्या, आमचं नाव घ्याल मास्तर, न्हाई येनार आता. ज्योतीरामही गेले.

२८ एप्रिल
सावित्रीला इथे आणलं. आणि तार आली — फीत भिजून खराब झाली, लावणार नाही! देवा, तुझे उपकार! सावित्री पोटभर जेवली, खोकला नाही. मी रडलो.

३० एप्रिल, सात वाजून पाच
रेडिओ बंद आहे. तरी प्रवचन सुरू झालं — माझ्या तोंडून. शब्द न् शब्द त्या भिजलेल्या फितीतलाच. गाडीसाठी थांबलो होतो तिथे थांबतो, पुन्हा — आवरत नाही —

सव्वासात
तोंडात फडकं कोंबलंय. सावित्री घाबरलीय, पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसलीय. आता नावं येतील. येऊ देत, तोंड बंद आहे. हात कामात राहावा म्हणून लिहितोय —

हात ऐकत नाही —

प्रभूमध्ये निजलेले. नगरच्या सौ. सावि